खाली ठेवलेला पेला

राजधानी,
ता. २ जुलै

ति. फिद्दामावशीस,
रुवैदाचे कृ. अ. सलाम वि. वि.

हे पत्र करकच्या बसचा ड्रायव्हर अबू नाइल याच्या हाती देते आहे. दोन मिनिटांच्या फोनवर काम झालं असतं, पण फोनला कान असतात असं तू एकदा ठरवून टाकलं आहेस आणि तुझ्यापुढे कोणाचं काय चाललं आहे! या खेपेला मात्र तुझंच बरोबर असेल. मजकूर राजघराण्याचा आहे. मोठ्या घराबद्दल वावगं बोललं तर आपल्या कायद्यात त्याला 'जीभ लांब करणं' म्हणतात आणि त्याला तुरुंग आहे. तुझी तर जन्मतःच लांब आहे.

तर बातमी अशी, की आमच्या राजकन्या सुलाफा पुढच्या गुरुवारी तुमच्या ऐन अल-बुतुमला येताहेत. मुलींची लग्नं उरकू नका, त्यांना शिकू द्या, या विषयावर त्या बोलणार आहेत. भाषण नेहमीप्रमाणे मी लिहिलं आहे. त्यात एखादं वाक्य तुझ्या तोंडचं सापडलं तर भर तंबूत 'हे माझं आहे' म्हणून ओरडू नकोस. टाळ्या वाजव, फोटोत ये, घरी जा. एवढं केलंस तर माझी नोकरी शाबूत राहील.

जुमाना दहावीत पहिली आली हे कळून फार आनंद झाला. बापावर गेली नाही, आजीवर गेली असं सालिमदादाला सांग. पुढे काय घेते आहे ते कळव.

माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रुवैदा


ऐन अल-बुतुम,
ता. १३ जुलै

चि. रुवैदास,
फिद्दामावशीचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल, गुडघे तेवढे सोडून. हे पत्र मी सांगते आहे आणि जुमाना लिहिते आहे. (आत्या, सलाम. आजीच्या शिव्या मी गाळते आहे, त्यामुळे मधेमधे मजकूर तुटक वाटेल. — जु.)

तुझी राजकन्या येऊन गेली. आदल्या आठवड्यात सरकारला आमच्या रस्त्याची आठवण झाली. डांबर पडलं ते तंबूपर्यंतच, कारण त्यापुढे राजकन्येला जायचं नव्हतं. भिंतींना चुना लागला. शेळ्या ओढ्यापलीकडे हाकलल्या, जणू काही राजघराण्यानं आजवर शेळी पाहिलीच नाही. बाईंनी भरतकामाचा झगा घातला होता. भरत उत्तरेकडचं, आपल्याकडचं नव्हे, पण असू दे. पोरगी दिसायला चांगली आहे आणि वाकून म्हाताऱ्यांशी बोलते. हे मी कबूल करते, लिहून घे.

आता खरी गंमत ऐक. गावचा कारभारी मुख्तार हाज मुतलकनं स्वतःच्या हातानं कॉफी ओतून तिच्या हातात पेला दिला. तिनं तो घेतला आणि न पिता समोरच्या चौरंगावर ठेवून दिला! साऱ्या तंबूचा श्वास अडकला. तुझं लग्न ठरलं तेव्हाचं आठवतं? तुझ्या सासऱ्यानं असाच पेला खाली ठेवला होता आणि तुझ्या बापानं मुद्दाम इतका वेळ लावला होता, की कॉफी गार झाली आणि सासऱ्याला घाम फुटला. आपल्यात पाहुण्यानं पेला खाली ठेवला म्हणजे तो काहीतरी मागायला आला आहे आणि ते मिळाल्याखेरीज घोट घेणार नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. मुतलकचं तर आयुष्य असल्या मागण्यांत गेलेलं. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, की कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते तुम्हाला दिलं!

काय दिलं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मग तुझी राजकन्या उभी राहिली आणि गोड हसून म्हणाली, की माझं एकच मागणं आहे, या गावातली एकही मुलगी शाळा संपल्याशिवाय बोहल्यावर चढू नये. आणि खाली बसून तिनं कॉफी पिऊन टाकली. झालं! साऱ्या गावादेखत शब्द दिला आणि घेतला. मुतलकचा चेहरा कडू काकडी चावल्यासारखा झाला. बायकांच्या बाजूनं मी अशी ललकारी दिली, की तुझ्या फोटोवाल्यानं दचकून वळून पाहिलं.

मला एवढा आनंद का झाला ते सांगते. तुला कळवायला जीभ उचलत नव्हती. सालिमनं जुमानाला मुतलकच्या मुलासाठी, बंदरसाठी कबूल केलं होतं. जैतुनाची फळं उतरली की लग्न. अकरावीचा वर्ग करकला, मुलींची बस बंद झाली, मग पोरगी घरी बसून काय करणार, असं म्हणाला. पोरगं वाईट नाही, पण त्याचं सगळं डोकं त्याच्या पिकअपमध्ये आहे. आता ते लग्न टळलं. राजघराण्यानं एवढं तरी केलं, देव त्यांचं भलं करो.

(आत्या, आजी रडली होती. हे ती लिहू देणार नाही. — जु.)

आशीर्वाद आहेतच, लागतील तसे उचलून घे.

तुझी मावशी,
फिद्दा


राजधानी,
ता. १९ जुलै

ति. मावशीस,
कृ. अ. सलाम वि. वि.

तुझं पत्र कार्यालयात वाचलं आणि हसू आवरेना म्हणून खोकल्याचं नाटक करत बाहेर पळाले. बाईंना यातलं काहीही ठाऊक नाही! त्यांचं सगळं शिक्षण परदेशात झालं. फोटोवाला म्हणाला, की हातातल्या पेल्यामुळे भरतकाम झाकतं, म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. आमच्या अहवालात 'ग्रामस्थांनी उत्स्फूर्त पाठिंबा दिला' असं नोंदलं गेलं आहे. मुतलकचाचांना उत्स्फूर्त म्हटलेलं कळलं तर त्यांना झीट येईल.

जुमानाचं लग्न ठरल्याचं मला का सांगितलं नाहीस? मी इथे मुलींच्या शिक्षणावर भाषणं लिहिते आणि माझ्याच घरात हे. असो, टळलं ते बरं झालं.

मात्र एका गोष्टीनं मन खट्टू आहे. करकच्या एका औषधवाल्यानं इंटरनेटवर बाईंच्या भाषणाखाली विचारलं, की गावात अकरावीचा वर्ग कुठे आहे. त्याला चौकीत चहाला बोलावलं आणि 'जिभेची लांबी' समजावून सांगितली. हे मला पटलं नाही. पण मावशी, लोकांचंही जरा चुकतंच. बाई गप्प बसल्या तर म्हणायचं शोभेची बाहुली, बोलल्या तर म्हणायचं हिला काय कळतं. त्यांच्या चुलतबहिणी घोडे पळवतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. ही बिचारी उन्हात खेड्यापाड्यांत हिंडते, तर तिच्या चपलेची किंमत काढतात. चांगलं बोलणाऱ्याला एवढं खरवडायचं कशाला?

जुमानाला खाऊ पाठवते आहे. तुझ्या लोभात माझा वाटा ठेव.

तुझी,
रुवैदा


ऐन अल-बुतुम,
ता. ३० जुलै

चि. रुवैदास अ. उ. आ.

पहिल्यांदा शिव्या, मग मजकूर. (शिव्या गाळल्या. पाऊण पान होत्या. — जु.)

मुतलकच्या दिवाणखान्यात गावचे सगळे पागोटेवाले जमले आणि विचार करकरून त्यांनी वाट काढली. दिलेला शब्द मोडणार कोण? मोडायचा नाहीच. म्हणाले, राजकन्येनं शाळा संपेपर्यंत थांबा म्हटलं. आपल्या गावची शाळा दहावीला संपते. जुमाना दहावी झाली, तीही पहिल्या नंबरानं. म्हणजे शब्द पाळला गेला. आता लग्नाला हरकत नाही, उलट ते राजकन्येच्या आशीर्वादानंच होतं आहे! बंदरच्या आईनं पत्रिकेवर बाईंचा फोटो घालायचं काढलं आहे.

हे वाक्य कोणी लिहिलं? तू! एवढी शिकलीस आणि भाषण लिहिण्याआधी आमची शाळा कितवीपर्यंत आहे हे आपल्या मावशीला विचारावंसं वाटलं नाही? फोन कर म्हणून सांगायला तू पुढे असतेस. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वाढणारी तू आणि जेवणार कोण, तर जुमाना.

आणि तुझ्या त्या घोड्यांबद्दल. घोडे पळवणारीला मी कशाला विचारू? तिनं माझ्या घरात नाक खुपसलेलं नाही. पण जी माझ्या अंगणात येऊन माझ्या नातीनं काय करावं ते सांगते, तिला नाही विचारायचं तर कोणाला विचारायचं? बाजारात काकडी घेतानाही आपण एक मोडून चाखून बघतो, तेव्हा काकडीवाली रुसत नाही. चपलेची किंमत काढणारे मूर्ख आहेत, ते सोड. मला तिची चप्पल नको, अकरावीचा वर्ग हवा.

(आत्या, हे आजीनं सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे. मला हे लग्न नको. मला रसायनशास्त्र शिकायचं आहे. बाबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, मी शब्द दिला आहे. माझा शब्द कोणी विचारलाच नाही. — जु.)

मला तुझ्या राजकन्येसमोर उभी कर. बाकी मी बघते.

राग आहे, पण मायाही त्याच चुलीवर आहे.

फिद्दा


राजधानी,
ता. ७ ऑगस्ट

ति. मावशीस,
कृ. अ. सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. चूक माझी आहे. टाळ्यांच्या जागी वाक्य बरोबर बसलं होतं, म्हणून ते मला आवडलं होतं. तुला एकदा विचारायला हवं होतं.

मी कार्यालयातल्या आमच्या साहेबांकडे विषय काढला. ते म्हणाले, की वर्ग उघडणं हा खात्याचा विषय आहे, आपला विषय जागृतीचा. मुली जाग्या झाल्यावर त्यांनी कुठे जायचं, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी फाइल उचलून निघून आले.

बाई मात्र वाईट नाहीत गं. काल त्यांनीच मला विचारलं, की त्या डोंगरातल्या गावच्या मुली आता शिकताहेत ना. मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही, कारण बाजूला साहेब उभे होते. त्यांना प्रश्न विचारायची कोणाला सोयच नाही, त्यामुळे उत्तर शोधायची त्यांना सवय लागलेली नाही. सगळे नुसते टाळ्या वाजवतात. मीसुद्धा.

वीस तारखेला बाईंनी भेट दिलेल्या गावांतल्या बायकांना आपल्या घरी बोलावलं आहे. तुझं नाव मी घालते. पण कार्यक्रम ठरलेला आहे, कॉफी, आभार, फोटो. कोणी काही बोलायचं नाही, मागायचं तर मुळीच नाही. तू एक शब्द जरी काढलास तरी तुला चौकीत चहा आणि मला घरचा रस्ता. माझ्या आईची आण घेऊन सांग, की तू तिथे तोंड उघडणार नाहीस. आण लिहून आल्याशिवाय मी नाव घालणार नाही.

माझ्यावर राग धर, लोभ सोडू नकोस.

तुझी,
रुवैदा


ऐन अल-बुतुम,
ता. १० ऑगस्ट

चि. रुवैदास अ. उ. आ.

माझ्या मेलेल्या बहिणीची, म्हणजे तुझ्या आईची आण, मी तिथे एक शब्दही बोलणार नाही. जीभ घरी खुंटीला टांगून येते.

फिद्दा

(आत्या, आण घेऊन झाल्यावर आजी बराच वेळ हसत होती. मला भीती वाटते आहे. — जु.)


राजधानी,
ता. २२ ऑगस्ट

चि. जुमानास,
रुवैदाआत्याचे अ. उ. आ.

हे पत्र तुला लिहिते आहे, कारण तुझ्या आजीनं घरी येऊन काहीही सांगितलं नसणार. आण अजून चालू आहे म्हणत असेल.

दालनात सगळ्या बायका गोल बसल्या होत्या. गावाकडच्या होत्या, शिवाय शोभेला शहरातल्या काही बड्या बायका. राजकन्येनं स्वतः पेले दिले. आजीनं पेला घेतला, दुवा दिली ती नुसती हातानं, आणि पेला समोरच्या मेजावर ठेवला. बाई पुढे गेल्या. परत फिरून आल्या तरी पेला तसाच! त्यांनी विचारलं, की कॉफी आवडली नाही का. आजी गप्प. चहा आणू का, सरबत आणू का. आजी गप्प. साहेबांना वाटलं म्हातारीला झटका आला, ते डॉक्टरला बोलवायला धावले.

तोवर शेजारी बसलेल्या, तफिला गावाहून आलेल्या बाईच्या ध्यानात आलं. तिनं आपला पेला खाली ठेवला. मग तिच्या पलीकडचीनं, मग समोरचीनं. शहरातल्या बड्या बायकांना काहीच कळलं नव्हतं, पण सगळ्यांनी ठेवले म्हणून त्यांनीही ठेवले. सगळ्या दालनात भरलेले पेले आणि कोणी घोट घेईना. फोटोवाला मात्र खूश, त्याला वाटलं ही गावाकडची काहीतरी पद्धत आहे. आणि होतीच की!

बाई गोंधळून माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, की हे काय चाललं आहे, रुवैदा. जुमाना, साहेब मागून मान हलवून नको नको करत होते. मला तुझं कंसातलं 'माझा शब्द कोणी विचारलाच नाही' हे वाक्य आठवलं आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही यांच्या गावात पेला खाली ठेवलात आणि मागितलंत, मुख्तारनं शब्द दिला. आता या तुमच्या दारी आल्या आहेत. तिथे अकरावीचा वर्ग नाही, म्हणून तुमच्याच भाषणाच्या जोरावर यांच्या नातीचं लग्न लावताहेत. यजमानानं 'दिलं' म्हटल्याशिवाय या कॉफी पिणार नाहीत.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी तिथे मागितलं होतं, मला माहीतच नव्हतं, असं पुटपुटल्या. साहेब कानाशी लागले, की हा खात्याचा विषय आहे, शब्द देऊ नये. बाईंनी आजीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की मला खोटा शब्द द्यायचा नाही. माझ्या हातात वर्ग नाही, माझ्या हातात फक्त बोलणं आहे.

आजी उठली. ओढणी सारखी केली, पिशवी उचलली आणि चालू लागली. तिच्यामागे एकेक करून साऱ्या गावाकडच्या बायका. एवढ्या मोठ्या घरातून पाहुणे कॉफी न पिता गेले! नोकर पेले गोळा करायला आला. बाकीचे नेऊ दिले, पण आजीचा पेला उचलायला गेला तेव्हा बाई म्हणाल्या, की तो राहू दे तिथेच.

माझी भाषणं गेली. साहेबांनी मला भेटवस्तूंच्या कोठीत टाकलं आहे. तिथे मी आणि देशभरातून आलेल्या भरतकामाच्या उशा. रोज एकीवर डोकं टेकते.

पोरी, तुझा वर्ग मिळाला नाही. मला फार वाईट वाटतं. पण तुझा शब्द या वेळी एका माणसाच्या तरी कानावर घातला, एवढं लक्षात ठेव. आजीचे पाय चेप.

तुझीच,
रुवैदाआत्या


राजधानी,
ता. १६ सप्टेंबर

ति. मावशीस,
कृ. अ. सलाम वि. वि.

बस आत्ता सुटेल म्हणून घाईत लिहिते. सकाळी बाई स्वतः माझ्या कोठीत आल्या, उशांच्या ढिगावर बसल्या आणि हसतहसत सांगू लागल्या.

काल त्या शिक्षणमंत्र्यांच्या घरी गेल्या होत्या. बरोबर ना फोटोवाला, ना साहेब, ना भाषण. मंत्र्यांनी कॉफी दिली. त्यांनी पेला घेतला, खाली ठेवला आणि गप्प बसल्या. मंत्री तर आपल्या दक्षिणेकडचेच, असल्या मागण्यांत आणि मध्यस्थीत केस पिकलेले. मिनिटभर त्यांनी दम धरला म्हणे, मग त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, की कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते दिलं! बाईंनी आधी वर्गाचं, शिक्षिकेचं आणि तारखेचं कागदावर घेतलं आणि मगच घोट घेतला. तुझ्यावरून शहाण्या झाल्या आहेत.

मला म्हणाल्या, की एवढी वर्षं मी बोलत होते, गप्प बसून जास्त काम होतं हे कोणी सांगितलंच नाही.

तुझा पेला अजून मेजावर तसाच आहे. तू येऊन ताजी कॉफी घ्यावीस असं आमंत्रण त्यांनी सोबत दिलं आहे. कड सोन्याची आहे, खरवडून बघू नकोस.

तुझ्या लोभातली,
रुवैदा


ऐन अल-बुतुम,
ता. ४ ऑक्टोबर

चि. रुवैदास,
फिद्दामावशीचे पोटभर आशीर्वाद.

अकरावी सुरू झाली. गावात खोली नव्हती, तेव्हा मुतलकनं आपला दिवाणखाना दिला. राजघराण्याला दिलेला शब्द मी पुरा करतो म्हणून छाती फुगवून सांगत फिरतो, जणू सगळी त्याचीच कल्पना. फळा ठोकला तो त्याच्या कॉफीच्या शेगडीवर. तो स्वतः बाहेर सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि ओरडणाऱ्या शेळ्यांना दटावतो, की आत शिकताहेत. सात मुली आहेत, दोन तर पलीकडच्या गावातून येतात. शाळा संपली नाही म्हणून लग्नही नाही. बंदरनं करकची एक नर्स पसंत केली आहे. ती त्याच्यापेक्षा शिकलेली आहे आणि पिकअप ती चालवते.

सालिम काल जुमानाचं पुस्तक हातात धरून उलटं की सुलटं बघत बसला होता. आज तिच्यासाठी दिवा आणला आहे.

आता तुझ्या राजकन्येचं. पोरगी माणसात आली, बरं वाटलं. तिला माझे आशीर्वाद सांग. यापुढे ती बोलायला आली तर मी पहिल्या रांगेत बसेन आणि विचारायचं ते विचारेनही, कारण आण फक्त त्या दिवसापुरती होती. तो औषधवालाही विचारील, त्याला चौकीत नाही, तिच्या घरी कॉफीला बोलवायला सांग.

आमंत्रण मिळालं, पण मी येत नाही. अकरावी आली, बारावी अजून यायची आहे. सरकारी कामं निम्म्यावर विसरली जातात. तो पेला डोळ्यांसमोर असेल तर ती विसरायची नाही. म्हणून तिला सांग, धूळ बसली तर पुसावी, पण पेला उचलायचा नाही.

मायेला पेला लागत नाही, ती अशीच पोचते.

तुझी मावशी,
फिद्दा

(ता. क. आत्या, पत्र संपवताना आजीनं विचारलं, की बारावीच्या पुढे काय असतं. मी सांगितलं, विद्यापीठ, मग आणखी वर एक पदवी, मग त्याच्याही वर एक. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, रुवैदाला लिही, त्या पेल्यावर झाकण ठेवायला सांग. — जु.)